पुडीसोबत ताटही लिहून द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ड जीवनसत्त्वाच्या उपचारात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि रोजच्या जेवणाचा विचार होण्याबाबत

महोदय,

मी आहारतज्ज्ञ आहे. गेली अठरा वर्षं एका तालुक्याच्या गावी पेशंट बघते. आज हे पत्र लिहायला बसले, त्याला निमित्त झाली एक प्लॅस्टिकची पिशवी.

मागच्या महिन्यात मायलेकी आल्या होत्या. आई बावन्न-त्रेपन्नची, घरीच ब्लाउज शिवणारी. लेक पहिलटकरीण, सातवा महिना, डोहाळजेवणाला माहेरी आलेली. आईने पिशवी टेबलावर उपडी केली. तीन रिपोर्ट निघाले. पहिल्यात ड जीवनसत्त्व 9. आठ आठवडे दर रविवारी साठ हजार युनिटची पुडी पाण्यात घालून घेतल्यावर 34. सात-आठ महिन्यांनी पुन्हा 13. मग दुसरा कोर्स झाला, तिसरा झाला. कंबर दुखायची काही थांबली नाही. जिना चढताना अजूनही मांडीवर हात टेकवून उठावं लागतं, असं त्या म्हणाल्या. त्याच पिशवीत लेकीच्या गोळ्या होत्या. लोहाची लाल पट्टी आणि कॅल्शियमची पांढरी पट्टी, दोन्ही एकाच रबरबँडने बांधलेल्या. "रात्री झोपताना दोन्ही एकदमच घेते, विसरायला नको म्हणून," लेक म्हणाली.

मी आईला विचारलं, दिवसभरात काय काय खाता? सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी, किती वर्षं ते आता आठवतही नाही. पाच वेळा चहा, आणि दूध तेवढंच, चहापुरतं. दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री वरण-भात. नाचणी? "सासूबाई होत्या तेव्हा व्हायची." तीळ? "संक्रांतीला." तीन वेळा पुडी लिहून दिली गेली, पण हे चार प्रश्न त्यांना कुणी विचारले नव्हते. पुडी लिहून देणाऱ्यांना मी दोष देत नाही. दाराबाहेर पन्नास माणसं ताटकळत असली की आहाराची चौकशी मागे पडते. म्हणूनच हे काम एकेका डॉक्टरच्या सवडीवर न सोडता आपल्या खात्याच्या कागदावर यावं, असं मला वाटतं.

महोदय, ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. ऊन भरपूर आणि हाडं ठिसूळ, याचं आश्चर्यही ओसरलं. पण कमतरता म्हणजे पुडी, एवढंच समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. ड जीवनसत्त्व शरीरात एकट्याने काम करत नाही. त्याला कामाजोगं व्हायला मॅग्नेशियम लागतं, त्याचं काम हाडापर्यंत पोहोचायला कॅल्शियम लागतं, आणि मुळात ते अंगात शोषलं जायला जेवणातली स्निग्धता लागते. सोबती नसतील तर एक तर पुडीचा पुरता उपयोग होत नाही, नाही तर झालेला उपयोग टिकत नाही.

आधी कॅल्शियमचं बघू, कारण त्याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात. हे हार्मोन मूत्रपिंडाला कामाला लावतं, आणि साठ्यातलं ड जीवनसत्त्व भराभर त्याच्या सक्रिय रूपात बदलायला लागतं. पेशंटच्या रिपोर्टमध्ये आपण मोजतो तो हा साठा. ताटात रोजच कॅल्शियम कमी असेल तर हा हुकूम रोजच सुटतो आणि साठा लवकर संपतो. 1987 साली 'नेचर' या नियतकालिकात क्लेमेंट्स, जॉन्सन आणि फ्रेझर यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं : आहारातलं कॅल्शियम कमी केलं की हे सक्रिय रूप वाढतं आणि त्यामुळे ड जीवनसत्त्वाची यकृतातली मोडतोड वाढते. म्हणजे कॅल्शियम न देता पुड्यांवर पुड्या देणं हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे. त्या माउलीचा रिपोर्ट 34 वरून 13 वर कसा आला, याचा एक धागा मला इथे दिसतो.

माणसांवरचा पुरावा नायजेरियातून आला. तिथल्या जोस शहरात ऊन आपल्यासारखंच, तरी मुलांना मुडदूस होत होता. टॉम थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 123 मुलांचे तीन गट केले : एकाला नुसतं ड जीवनसत्त्व, एकाला नुसतं कॅल्शियम, एकाला दोन्ही. चोवीस आठवड्यांनी रक्ताची तपासणी आणि एक्स-रे दोन्हींत जवळजवळ बरी झालेली मुलं मोजली. नुसत्या ड जीवनसत्त्वाच्या गटात ती 19 टक्के होती. कॅल्शियमच्या गटात 61 आणि दोन्ही दिलेल्यांत 58 टक्के. हा अभ्यास 1999 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्या मुलांच्या जेवणात धान्य होतं, दूध जवळपास नव्हतं. आपल्या कितीतरी पाड्यांवर आणि वस्त्यांवर याहून वेगळं काय आहे? आपल्या देशातही तिरुपतीच्या सी. व्ही. हरिनारायण यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवून दिलं की दक्षिण भारतातल्या निरोगी दिसणाऱ्या माणसांत कमी कॅल्शियम, धान्यातलं जास्त फायटेट आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता ही तिन्ही एकत्र नांदतात.

मुडदुसावर 2016 साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हाच निष्कर्ष आहे : उपचारात ड जीवनसत्त्वासोबत रोज 500 मिलीग्रॅम कॅल्शियम द्या, मग ते गोळीतून असो वा जेवणातून. भुकेलेलं हाड ड जीवनसत्त्व मिळताच रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. ताटात कॅल्शियम नसेल तर अशा मुलाला आकडी येण्याइतपत ते खाली जाऊ शकतं.

आता मॅग्नेशियम. याचं नाव आपल्या दवाखान्यांत फारसं कुणी काढत नाही, आणि त्यामुळेच मी त्यावर जरा थांबणार आहे. त्वचेत उन्हाने तयार झालेलं किंवा पुडीतून आलेलं ड जीवनसत्त्व हा कच्चा माल. तो आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलला जातो, तेव्हा कुठे तो कामाचा होतो. हे बदल घडवणाऱ्या विकरांना मॅग्नेशियम लागतं. शिवाय मॅग्नेशियम फार घटलं तर त्या चार ग्रंथींमधून हार्मोनही नीट सुटत नाही.

ही गोष्ट जगाला दाखवून देणाऱ्यांत आपल्या देशातले संशोधक होते, याचा मला फार अभिमान वाटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या विनोदिनी रेड्डी आणि बी. शिवकुमार यांनी 1974 साली 'लॅन्सेट'मध्ये मुडदुसाच्या अशा मुलांची नोंद केली, ज्यांना ड जीवनसत्त्वाने गुण येत नव्हता. त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी होतं. मॅग्नेशियम दिल्यावर ती मुलं उपचाराला दाद देऊ लागली. पन्नास वर्षं उलटून गेली, पण पुडी लागू पडली नाही की आपण अजून दुसरी पुडीच देतो.

अलीकडचा अभ्यास अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा, 2018 चा. चाळीस ते पंचाऐंशी वयाच्या 180 जणांना मॅग्नेशियम किंवा साधी गोळी देऊन पाहिलं. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांची पातळी मॅग्नेशियमने वाढली. ज्यांची आधीच जास्त होती त्यांची उतरली. म्हणजे मॅग्नेशियम तराजूचा काटा मध्यावर आणतं, असं दिसतं.

याचा अर्थ सगळ्यांनी उद्यापासून मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्याव्यात, असा कृपया कुणी काढू नये. मूत्रपिंड अधू असलेल्याला त्या धोक्याच्या ठरू शकतात. मला एवढंच म्हणायचं आहे की कोर्स पूर्ण करूनही पातळी चढली नाही, किंवा चढून लगेच उतरली, तर पुढची पुडी फाडण्याआधी डॉक्टरांनी मॅग्नेशियमकडे वळून बघावं. रक्ताच्या तपासणीतही ते सहज सापडत नाही, कारण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी रक्तात एक टक्काही नसतं. त्यामुळे रिपोर्ट बघायचाच, पण पेशंट काय खातो आणि कुठली औषधं घेतो हेही विचारायचं. ती ॲसिडिटीची गोळी आठवते ना? पोटातलं आम्ल दाबणाऱ्या त्या जातीच्या गोळ्या वर्षाहून जास्त काळ घेतल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 सालीच दिला आहे. आपल्याकडे या गोळ्या लोक शेंगदाण्यासारख्या खातात. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही मॅग्नेशियम वाहून जातं. फिट्सची काही औषधं आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन तर थेट ड जीवनसत्त्वाची मोडतोड वाढवतात. हे सगळं विचारायला पाच मिनिटं पुरतात.

बाकी सोबत्यांबद्दल मी जपून बोलते. के जीवनसत्त्व हाडातल्या एका प्रथिनाला कॅल्शियम धरून ठेवण्याजोगं करतं, आणि ते प्रथिन तयार करायला सांगणारं असतं ड जीवनसत्त्व. पेशीत ड जीवनसत्त्वाला जागा देणारा जो ग्राहक असतो, त्याची घडी जस्ताच्या आधाराने बसते. ही नाती खरी आहेत. पण के जीवनसत्त्वाची किंवा जस्ताची गोळी जोडली की प्रत्येकाची ड जीवनसत्त्वाची कमतरता लवकर भरून निघते, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. तरीही बाजारात या सगळ्यांची मोळी बांधलेल्या महागड्या गोळ्या धडाधड खपतात. शिवणकामावर घर चालवणारी बाई आठवड्याच्या कमाईतले पैसे त्यात घालते. शिवाय वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता के जीवनसत्त्व घेणं घातक ठरू शकतं.

महोदय, आता त्या एका रबरबँडबद्दल. भारत सरकारने 2014 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांसाठी कॅल्शियमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, प्रत्येक गोळीत 500 मिलीग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट ड-3. म्हणजे हे दोघं जोडीने द्यायचे असतात, हे सरकारी धोरणात दहा वर्षांहून जास्त काळ लिहिलेलं आहे. त्याच सूचनांमध्ये असंही आहे की कॅल्शियम उपाशीपोटी घेऊ नये आणि लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. धोरण चांगलं आहे. गोळ्या फुकट मिळतात, आशाताई उन्हातान्हात फिरून त्या घरी पोहोचवतात. आणि शेवटच्या पायरीवर त्या दोन पट्ट्या एका रबरबँडमध्ये जातात. माझ्या समोर बसलेल्या लेकीला लोह लागू पडत नव्हतं, हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नव्हतं. ती एकही दिवस गोळी चुकवत नव्हती.

ताटाचं काय, तर आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढांसाठी रोज 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम सांगितलं. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलीग्रॅम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. सालासकट तीळ असतील तर शंभर ग्रॅममध्ये हजाराच्या वर, म्हणजे भाकरीवर थापलेले दोन चमचे तीळही शंभरावर देऊन जातात. पेलाभर दूध किंवा दही दोनशेच्या पुढे. शेवग्याचा पाला, राजगिरा, कोकणात काट्यासकट खाल्ला जाणारा बारीक सुका मासा, ही सगळी त्याच कुळातली. आणि मॅग्नेशियम कुठे? त्याच नाचणीत, बाजरीत, तिळात, शेंगदाण्यात, कडधान्यात आणि हिरव्या पालेभाज्यांत. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र ते कोंड्याबरोबर निघून जातं.

धान्यातलं फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, हे खरं आहे. त्यावरची तोडही घरातच आहे. नाचणी भिजवून मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली की फायटेट कमी होतं. आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण बाळाला नाचणीचं सत्त्व देताना त्या नाचणी आधी भिजवायच्या, मोड काढायच्या, मग वाळवून दळायच्या. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ आणि वर लोण्याचा गोळा असायचा. थंडीतल्या त्या एका घासात कॅल्शियम होतं, मॅग्नेशियम होतं आणि ड जीवनसत्त्व शोषायला लागणारी स्निग्धताही होती. हा घास वर्षातून एकदाच का यावा?

पुण्यात 2011 मध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब घरांतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना ड जीवनसत्त्व दिलं, आणि काही मुलांना सोबत जास्त कॅल्शियम घातलेला लाडू रोज खाऊ घातला. तो लाडू खाणाऱ्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त भरलं. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो, कारण तो लाडवावर झाला, आणि लाडू अंगणवाडीच्या कढईत होऊ शकतो. दुधात आणि खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्व घालून त्यावर 'अधिक एफ'चं चिन्ह लावायची सोय देशात आहे, तिचं स्वागतच आहे. पण तेलात ड जीवनसत्त्व आलं म्हणून ताटात कॅल्शियम येत नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, राज्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ड जीवनसत्त्वाच्या पुडीसोबत एक चिठ्ठी द्यावी, मराठीत, मोठ्या अक्षरांत : पुडी भरपेट जेवणानंतर घ्या. रोज दूध-दही, नाचणी, तीळ, पालेभाजी यांतलं काही तरी खा. सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळी थोडा वेळ उन्हात हात-पाय उघडे ठेवा. सांगितलेल्यापेक्षा जास्त पुड्या घेऊ नका, त्याने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

दुसरी, लोह आणि कॅल्शियमच्या पट्ट्यांवर वेळेचं चित्र छापावं. कॅल्शियमच्या पट्टीवर जेवणाचं ताट, लोहाच्या पट्टीवर चंद्र. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते कळेल.

तिसरी, एका कोर्सनंतर पातळी टिकली नाही तर पुढचा कोर्स लिहिण्याआधी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पॅराथायरॉइड हार्मोन, चालू औषधं आणि आहार यांची नोंद सक्तीची करावी. जिल्हा रुग्णालयांत या तपासण्या परवडणाऱ्या दरात मिळाव्यात. आज पुन्हा पुन्हा पुड्या आणि पुन्हा पुन्हा ड जीवनसत्त्वाची तपासणी यावर जो खर्च होतो, त्यातूनच याचे पैसे निघू शकतील.

चौथी विनंती आपल्या एकट्याच्या हातातली नाही. शाळेतला आहार शिक्षण खात्याकडे आहे, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे. आपण या दोघांना एका टेबलावर बसवून मोड काढलेली नाचणी आणि तीळ-शेंगदाण्याचा लाडू आठवड्यातून ठराविक दिवशी मुलांच्या ताटात येईल, एवढं करावं. नाचणी पिकवणारा आपला कोकणातला आणि डोंगराळ पट्ट्यातला शेतकरी त्याने सुखावेल, ते वेगळंच.

महोदय, मी त्या माउलींना डॉक्टरांकडे परत पाठवलं. जाताना दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिले : ॲसिडिटीची गोळी बंद करता येईल का, आणि मॅग्नेशियम तपासायचं का. लेकीच्या पट्ट्या मी सोडवल्या. पांढरी पट्टी पोळ्यांच्या डब्याजवळ ठेवायची, लाल उशाशी, एवढंच सांगितलं. परवा तिचा फोन आला. पांढरी जेवणाबरोबर घेते, लाल रात्री, आणि विसरत नाही म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

तिला मी काही तरी उत्तर दिलं. खरं उत्तर आपण द्यावं, म्हणून हे पत्र.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ